साठ मशीन आणि चार पेनड्राइव्ह

२०१९ च्या जूनमध्ये मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागलो. दिवाळी झाली आणि वरून निरोप आला, की विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपतोय, तेव्हा प्रोग्रामिंगच्या दोन्ही लॅब डेबियन या मोफत लिनक्सवर न्या. मशीन साठ, पेनड्राइव्ह चार आणि हातात एक आठवडा. पहिल्या दिवशी मी आणि शिपाईमामा सकाळी नऊला भिडलो. भाषा निवडा, कीबोर्ड निवडा, डिस्क निवडा, नक्की ना? चौथं मशीन सुरू करून मागे वळावं, तर पहिलं कुठल्यातरी प्रश्नावर अडून बसलेलं. संध्याकाळपर्यंत चौदा झाली. त्यातल्या दोघांना मी एकच नाव दिलं होतं, आणि एकाचा पासवर्ड काय टाकला ते मलाच आठवेना. मामा म्हणाले, "सर, यापेक्षा परीक्षेला बाकांवर नंबर टाकायचं काम बरं."

त्या रात्री मी पहिल्यांदा पीएक्सई, म्हणजे पेनड्राइव्हऐवजी नेटवर्कवरून मशीन सुरू (बूट) करायची पद्धत, नीट वाचलं. हे काही नवं नव्हतं, इंटेलने त्याचं २.१ हे स्पेसिफिकेशन १९९९ मध्येच काढलं होतं. आमच्या मशीनच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'नेटवर्क बूट' हा पर्याय आतापर्यंत बंद करून ठेवलेला होता, एवढंच.

आत काय घडतं ते आधी समजून घ्या, नाहीतर कुठलाही तयार लेख बघून कमांड मारत बसाल आणि अडलात की कळणार नाही कुठे अडलात. मशीन सुरू होतं तेव्हा नेटवर्क कार्ड ओरडून विचारतं, "मला पत्ता कोण देतं?" पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देतो आणि सोबत दोन गोष्टी सांगतो: बूट फाइल कुठल्या सर्व्हरवर आहे आणि तिचं नाव काय. हेच ते ऑप्शन ६६ आणि ६७, मुलाखतीत हमखास विचारतात. मग मशीन टीएफटीपीने (फाइल पाठवायच्या एका साध्या पद्धतीने) ती छोटी फाइल उचलतं, ती फाइल कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) मागवते आणि इन्स्टॉलर उभा राहतो. शेवटी इन्स्टॉलर उत्तरांची फाइल मागतो. डेबियनमध्ये तिला प्रीसीड म्हणतात, रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सच्या घराण्यात किकस्टार्ट, उबंटू सर्व्हरमध्ये २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल.

टीएफटीपीवर फार भार टाकू नका. तो मुळात ५१२ बाइटचा एकेक तुकडा पाठवतो आणि पोच आल्याशिवाय पुढचा देत नाही. तीस एमबीची फाइल म्हणजे एकसष्ट हजारांवर फेऱ्या. तुकड्याचा आकार वाढवता येतो, पण सरळ मार्ग असा की कर्नल-इनिटआरडीपुरतं टीएफटीपी वापरा, बाकी सगळं एचटीटीपीवरून (वेबसाइटसारखं) द्या. पॅकेजांसाठी मध्ये एपीटी-कॅशर-एनजी बसवा, म्हणजे एकदा उतरवलेलं पॅकेज बाकीच्या मशीनना तिथूनच मिळतं. एका मशीनला दीड जीबी लागत असेल तर साठांचे नव्वद जीबी होतात, आणि कॉलेजची लाइन कशी असते ते मी सांगायला नको.

उत्तरांची फाइल कोऱ्या पानावरून लिहू नका. एक मशीन हाताने, सावकाश, वही घेऊन लावा. प्रत्येक प्रश्न आणि दिलेलं उत्तर लिहा. मग यंत्राने स्वतः ठेवलेली नोंद बघा. रेड हॅटवाल्यांना रूटच्या (मुख्य वापरकर्त्याच्या) घरात ॲनाकोंडा या इन्स्टॉलरची किकस्टार्ट फाइल आयती मिळते, डेबियनमध्ये डेबकॉन्फ या उत्तरं साठवणाऱ्या भागाच्या एका कमांडने दिलेली उत्तरं बाहेर काढता येतात. वही आणि ती नोंद शेजारी ठेवली की फाइल निम्मी तयार असते. माझी तीन वेळा अडली. एकदा भाषेच्या प्रश्नावर, कारण नेटवर्क चालू व्हायच्या आधीच तो विचारला जातो. बूटच्या ओळीत 'ऑटो' टाकल्यावर तो प्रश्न मागे सरकतो. एकदा डिस्क पुसण्याच्या खात्रीवर. आणि एकदा, काय सांगू, एका ओळीच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागेवर. पासवर्ड उघडा लिहू नका, हॅश (त्याचं उलट वाचता न येणारं रूप) टाका. ती फाइल एचटीटीपीवर कुणालाही वाचता येते आणि दुसऱ्या वर्षाची पोरं ती वाचतातच. शेवटच्या कमांडमध्ये मी जीसीसी (सीचा कंपायलर), देवनागरी फॉन्ट आणि मराठी कीबोर्ड घातला. टाइमझोन एशिया/कोलकाता.

सराव मात्र लॅबमध्ये करू नका. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकात आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एक सर्व्हर, दोन रिकामी मशीन आणि त्यांचं आतल्या आत नेटवर्क एवढं पुरतं. आतल्या आत का, तर खऱ्या नेटवर्कवर दुसरा डीएचसीपी उभा केलात की अर्ध्या इमारतीला भलतेच पत्ते जातात आणि सगळे तुम्हाला शोधत येतात. खऱ्या जागी आयपी वाटायचं काम बहुधा दुसऱ्याकडे असतं. तिथे डीएनएसमास्क हा छोटा डीएचसीपी-टीएफटीपी सर्व्हर प्रॉक्सी पद्धतीने चालवा: पत्ता मूळ सर्व्हर देतो, बूट फाइलचं तेवढं तुम्ही सांगता. कुणाशी भांडण नाही.

अडलात तर पडद्यावरचा कोड वाचा. ई५१ म्हणजे पत्ता द्यायला कुणी पुढेच आलं नाही. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला, पण बूट फाइलचं नाव नाही. ई३२ म्हणजे टीएफटीपी सर्व्हर उत्तर देत नाही, बहुतेक वेळा फायरवॉल अडवतो, टीएफटीपीचा यूडीपी ६९ हा पोर्ट उघडा आहे का बघा. ई६१ आला तर आधी केबल हलवून बघा, मगच डोकं चालवा. आमच्याकडे एका रांगेत ई५१ येत होता, तोही कधी कधी. दोन दिवस गेले. सगळ्या केबल जिथे येतात त्या स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये गोल फेरा होऊ न देणारी सोय) चालू होतं. पोर्ट जागं झाल्यावर तीस सेकंद काही पुढे जाऊ देत नव्हतं आणि तेवढ्यात मशीन कंटाळून जात होतं. त्या पोर्टांवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न पाहण्याची सेटिंग, लावलं आणि प्रश्न मिटला.

"एवढं कशाला, एक मशीन तयार करून क्लोन मारा," असं कुणीतरी सांगेलच. डिस्कची नक्कल करणारं क्लोनझिला चांगलंच आहे, मीही वापरतो. पण क्लोन केल्यावर मशीन-आयडी (प्रत्येक मशीनची वेगळी असायला हवी अशी ओळख) आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या) चाव्या सगळीकडे त्याच राहतात. उबंटूच्या नव्या आवृत्त्यांत डीएचसीपीला दिली जाणारी ओळख मशीन-आयडीवरूनच बनते, म्हणून वीस मशीन एकाच आयपीवर हक्क सांगत बसतात. क्लोनसाठी डिस्कची प्रतिमा काढण्याआधी मशीन-आयडी आणि त्या चाव्या पुसा.

आता माझी चूक. साठही मशीनच्या बायोसमध्ये मी नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर ठेवलं होतं, म्हणजे हवं तेव्हा सगळी लॅब दुपारपर्यंत नवी करता येते. बिनओळखीच्या मशीनने विचारलं तर सर्व्हर सांगायचा, "आपल्या डिस्कवरून सुरू हो." ज्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) माझ्या यादीत, त्यालाच इन्स्टॉलर. यादी म्हणजे सर्व्हरवर प्रत्येक मशीनची एक छोटी फाइल, तिचं नाव असं: आधी ०१, मग मॅकचे आकडे मध्ये डॅश देऊन, अक्षरं लहान लिपीतली. मोठी अक्षरं टाकली तर ती सापडतच नाही. मला वाटलं, बंदोबस्त चोख झाला.

पुढे एका दिवाळीच्या सुट्टीत लॅबमधलं एक मशीन लायब्ररीच्या काउंटरवर हलवलं गेलं. मला कुणी सांगितलं नाही, आणि डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (कॉलेजच्या सामानाच्या नोंदवहीत) ते अजून लॅबमध्येच होतं. सुट्टीनंतर मी लॅब नवी करायला म्हणून सगळ्या मशीनच्या, त्याच्याही, फाइली टाकल्या, काम झालं आणि काढायच्या राहिल्या. सोमवारी सकाळी लाइट गेली, आली. पाऊण तासाने लायब्ररीच्या मॅडमचा फोन. "अहो, इथे काहीतरी वेगळंच आलंय. आमचा पडदा कुठे गेला?" मी धावत खाली गेलो. काळ्या पडद्यावर डेबियनचं लॉगिन, वर मशीनचं नाव: लॅब२-१७. पुस्तकांच्या नोंदींचा बॅकअप शुक्रवारचा होता, म्हणून वाचलो. शनिवारच्या नोंदी मी आणि मॅडमनी कार्डांवरून पुन्हा भरल्या. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हापासून इन्स्टॉल संपताना मशीन स्वतःच सर्व्हरला कळवतं आणि सर्व्हर त्याची फाइल काढून टाकतो. नेटवर्कवरून इन्स्टॉल सांभाळणाऱ्या कॉबलरसारख्या तयार साधनात 'एकदाच इन्स्टॉल' ही सोय आहेच, मी ती हाताने बांधली. शिवाय ज्या दिवशी काम, त्याच दिवशी फाइली टाकायच्या, आणि त्याआधी लॅबमध्ये फिरून प्रत्येक मशीनच्या मागचा स्टिकर यादीशी ताडायचा. अर्धा तास जातो. डेड स्टॉक रजिस्टरमध्येही मी पेन्सिलीने एक जादा रकाना आखलाय, मॅक पत्त्याचा. ऑडिटवाल्यांनी त्याबद्दल अजून विचारलेलं नाही.