शरीरातील ऊतींचा स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह: या चुका टाळा

टेंडनचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या ऊतीचा) स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह, म्हणजे दर क्षेत्रफळावरचं बल (स्ट्रेस) आणि मूळ लांबीच्या तुलनेत झालेली वाढ (स्ट्रेन) यांचा आलेख, काढा म्हटलं की पुष्कळ विद्यार्थी पोलादाचाच काढतात. शून्यापासून सरळ रेघ, पुढे थोडं वळण, शेवटी तुटल्याची फुली. टेंडनची रेघ सुरुवातीलाच वाकडी असते आणि पहिली चूक नेमकी तिथे होते.

निवांत अवस्थेत टेंडनमधले कोलॅजेनचे तंतू नागमोडी असतात. खेचायला लागलं की आधी या चुण्या सरळ होतात, त्यासाठी फारसं बल लागत नाही. म्हणून साधारण 2 टक्के स्ट्रेनपर्यंत आलेख सपाटच वर चढतो. हा टो रीजन. सगळे तंतू ताठ झाले की मग खरी सरळ रेघ सुरू होते. टो रीजन हा मोजणीतला दोष समजून पुसून टाकणारेही भेटतात. तसं करू नका.

मॉड्युलस, म्हणजे आलेखाच्या सरळ भागाचा चढ, काढताना हीच चूक वेगळ्या रूपात येते. समजा, 2 टक्के स्ट्रेनला स्ट्रेस 10 मेगापास्कल आहे आणि 4 टक्क्यांना 35. सरळ भागाचा चढ 25 भागिले 0.02, म्हणजे 1250 मेगापास्कल. शून्यापासून 35 पर्यंत पट्टी लावली तर उत्तर येतं 875. गणित बरोबर, उत्तर चूक.

उत्तर तरीही जुळत नसेल तर मूळ लांबी तपासा. 50 मिलिमीटरच्या नमुन्यात 1 मिलिमीटर ढिलाई राहिली, तर स्ट्रेनमध्ये सुमारे 2 टक्क्यांची चूक शिरते. म्हणजे अख्ख्या टो रीजनएवढी! म्हणून आधी अगदी हलका ताण देऊन नमुना ताठ करायचा आणि ती लांबी मूळ धरायची. पहिली दोन-चार आवर्तनं एकमेकांशी जुळली नाहीत तर घाबरू नका. ऊती तशाच वागतात. आलेख एकावर एक बसू लागेपर्यंत नमुना ताणून-सोडून घ्यायचा असतो, त्याला प्रीकंडिशनिंग म्हणतात.

बल-लांबी आलेखाला स्ट्रेस-स्ट्रेन समजणं ही जुनी खोड. आडव्या छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट असलेलं टेंडन घेतलं की बल-लांबीचा चढ दुप्पट होतो, दुप्पट लांब घेतलं की निम्मा. स्ट्रेस-स्ट्रेन आलेख मात्र दोन्ही वेळा तोच राहतो, कारण बलाला क्षेत्रफळाने आणि वाढीला मूळ लांबीने भागून झालेलं असतं. एक आलेख अवयवाबद्दल बोलतो, दुसरा द्रव्याबद्दल. तसंच ताठ म्हणजे मजबूत नव्हे. चढ ताठरपणा सांगतो, शिखर ताकद सांगतं आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ सांगतं की तुटेपर्यंत ऊतीने किती ऊर्जा शोषली. वाळलेलं हाड ओल्या हाडापेक्षा ताठ असतं, पण कमी वाकून मोडतं.

हाडाच्या बाबतीत ‘ताकद किती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. दाट हाड लांबीच्या दिशेने दाबलं तर सुमारे 200 मेगापास्कल सोसतं, ताणलं तर 130च्या आसपास आणि शिअरमध्ये (थर एकमेकांवरून सरकवणाऱ्या भारात) जेमतेम 70. उत्तरात दिशा आणि भाराचा प्रकार लिहिलाच पाहिजे.

वेगही लिहावा लागतो. ऊती व्हिस्कोइलॅस्टिक असतात, म्हणजे त्यांचं वागणं भाराच्या वेगावर आणि वेळेवरही अवलंबून असतं. माकडांच्या गुडघ्यातल्या अँटिरियर क्रुशिएट लिगामेंटवरचे (हाडाला हाड जोडणाऱ्या एका बंधावरचे) प्रयोग 1974 साली प्रसिद्ध झाले. त्यांत हळू खेचल्यावर बहुतेकदा हाडाचा तुकडा उपटून आला आणि झटक्यात खेचल्यावर लिगामेंटच मधून फाटलं. गुडघा तोच, पण वेग बदलला आणि इजाही बदलली.

आता मला सर्वांत खटकणारी गोष्ट. ‘स्ट्रेचिंगने लांबी वाढवायची तर ऊती प्लास्टिक रीजनमध्ये न्यायला हवी’ हे वाक्य वर्गात बेधडक फिरतं. प्लास्टिक रीजन म्हणजे आलेखाचा तो भाग, जिथे भार काढला तरी लांबी पूर्ववत होत नाही. टेंडनमध्ये साधारण 4 टक्क्यांच्या पुढे सूक्ष्म तंतू तुटू लागतात, म्हणजे प्लास्टिक रीजन ही इजेची सुरुवात आहे. अर्धा मिनिट ताण धरल्यावर विरोध कमी जाणवतो, तो मुख्यतः स्ट्रेस रिलॅक्सेशनमुळे: लांबी कायम असताना आतला स्ट्रेस हळूहळू उतरतो. भार कायम ठेवला आणि लांबी हळूहळू वाढत गेली तर तो क्रीप. दोन्हींत लांबी कायमची वाढलेलीच असते असं नाही. सोडून थोडा वेळ दिला की बरंचसं पूर्ववत होतं. पेशंटची हालचाल लगेच वाढली, तर ताण सहन करण्याची त्याची तयारी वाढली असणं हेही मोठं कारण असतं.

शेवटी प्रयोगशाळेतली एक अडचण. सरळ भागात मध्येच स्ट्रेस करवतीच्या दात्यांसारखा पडत असेल, तर ‘तंतू तुटले’ असं लगेच लिहू नका. टेंडन गुळगुळीत असतं, पकडीतून सरकतं. पकडीच्या कडेला नमुन्यावर शाईची रेघ मारा आणि चाचणीचा व्हिडिओ घ्या. रेघ पकडीपासून दूर गेली असेल तर तो आलेख पकडीचा आहे, ऊतीचा नाही. अशा वेळी स्ट्रेन यंत्राच्या सरकण्यावरून न मोजता नमुन्याच्या मध्यभागी केलेल्या दोन खुणांमधल्या अंतरावरून मोजा. तरी सरकत असेल तर टोकं गोठवून धरणारी पकड वापरा.