हास्केलमधली सरासरी आणि फुगणारी मेमरी

हास्केल या भाषेत फंक्शनल प्रोग्रॅमिंग नव्याने शिकताना सरासरी बहुतेक वेळा अशीच लिहिली जाते: यादीची बेरीज भागिले यादीची लांबी. वाचायला सुरेख, पण १ कोटी आकड्यांवर मेमरी फुगते. बेरीज चालू असताना लांबी मोजायची बाकी असते, म्हणून गार्बेज कलेक्टरला (नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेला) यादी सोडता येत नाही. ६४-बिट मशीनवर यादीची एक कडी २४ बाइटची आणि तिच्यातला इंट (पूर्णांक) १६ बाइटचा. झाले सुमारे ४०० एमबी! कलेक्टर जिवंत डेटाची नक्कल करतो, तेव्हा आणखी जास्त.

मग बेरीज आणि संख्या यांची जोडी करून एकाच फेरीत फोल्ड केला, म्हणजे यादीतला एकेक आकडा त्या जोडीत मिळवत गेलो. यासाठीच्या साध्या फोल्ड-एल (foldl) फंक्शनने काम भागत नाही. तो बेरीज लगेच करत नाही, न सोडवलेल्या गणितांची (थंकची) साखळी रचत जातो. प्रत्येक पायरी लगेच सोडवणारा फोल्ड-एल-प्राइम (foldl') घेतला तरी मेमरी उतरेना. खरी गोम इथे आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे: प्राइमवाला फक्त जोडीचं बाहेरचं कवच सोडवतो, आतले दोन्ही घटक थंकच राहतात. बँग-पॅटर्न (‘हे लगेच सोडव’ असं सांगायची सोय) चालू करून जोडीतल्या दोन्ही नावांआधी उद्गारचिन्ह लावलं आणि मेमरी काही केबींवर स्थिरावली.

ऑप्टिमायझेशन चालू असेल तर जीएचसी (हास्केलचा कंपायलर) काय लगेच सोडवायचं हे पुष्कळदा स्वतःच ओळखतो, जीएचसीआयमध्ये (ओळीगणिक कोड चालवून बघायच्या त्याच्या रूपात) मात्र नाही. त्यामुळे मोजमाप कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमवरच करा: आरटीएसचा (प्रोग्रॅमसोबत चालणाऱ्या रनटाइम सिस्टिमचा) एस पर्याय (+RTS -s) देऊन ‘मॅक्सिमम रेसिडेन्सी’ची, म्हणजे जास्तीत जास्त जिवंत डेटाची, ओळ बघा.