काप्पा म्हणजे देव नव्हे: जपानी पाणदैवतांच्या नावांत या चुका टाळा

जपानी शिकायला लागल्यावर मी वहीत मस्त लिस्ट केली होती, वर हेडिंग 'जपानच्या जलदेवता' आणि पहिलंच नाव काप्पा. तिथेच माती खाल्ली. काप्पा देव नाही हो, तो जपानी लोककथांतला पाण्यात राहणारा जीव, नदीतलं पोर, अगदी शब्दशः: 'कावा' म्हणजे नदी (गनिमी कावा नव्हे!), 'वाप्पा' म्हणजे पोर, दोन्ही जोडून झिजत झिजत काप्पा झालं. डोक्यावर बशीसारखा खळगा, त्यात पाणी, ते सांडलं की अंगातला जोरच गेला. म्हणून गोष्टीतला शहाणा माणूस त्याला वाकून नमस्कार करतो, हाही रीतीभातीचा पक्का, उलट वाकतो आणि खेळ खल्लास.

देवच हवा असेल तर सुइजिन. इथे घाईत 'सुजिन' लिहितात लोक, पण 'सुइ' म्हणजे पाणी, त्यातला इ खाल्लात तर पाणीच आटलं. आणि हे कुणा एकाच देवाचं नाव नाही, विहिरीचा, पाटाचा, नदीचा, सगळ्यांना चालतं.

सुइतेन मात्र वेगळा, तो आपला वरुण, बौद्ध धर्मासोबत तिकडे पोचलेला. देवाच्या नावाशेवटी 'तेन' दिसलं की आधी आपल्याकडचं कोणी आहे का बघायचं. बेन्झाइतेन म्हणजे चक्क सरस्वती, हातात वीणेऐवजी बिवा नावाचं तंतुवाद्य, आणि तिचं एक जुनं ठाणं बिवा तलावातल्या चिकुबु बेटावर. मुळात नदीच ती, पाणी कशी सोडेल!

एन्को, गाराप्पा, मेदोची या तीन वेगळ्या नोंदी करू नका, शिकोकू-हिरोशिमाकडे एन्को, कागोशिमात गाराप्पा, आओमोरीत मेदोची, सगळे काप्पाचेच भाऊबंद. निंग्यो म्हणजे अर्धा मासा अर्धा माणूस, पण शेवटचा ओ लांबवलात तर बाहुली.

पावसात कोणी 'काप्पा घाल' म्हणालं तर दचकू नका, तो रेनकोट, पोर्तुगीजमधून आलेला शब्द. आणि सुशीच्या मेनूतली काप्पामाकी म्हणजे काकडीचा रोल, काप्पाला काकडी फार प्रिय म्हणून. इवाते प्रांतातल्या तोनो गावात तर ओढ्याकाठी गळाला काकडी लावून बसतात, काप्पा पकडायचं लायसन्स विकत मिळतं, त्यावर अट छापलेली: जिवंत पकडायचा, आणि बशीतलं पाणी सांडू द्यायचं नाही.