सैल चिकटणारे रेणू शोधताय? या चुका टाळा

कोल्हापुरात जुलैचा पाऊस लागला की कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. त्याच हवेत आपण डीएमएसओची, म्हणजे रेणू विरघळवायच्या द्रावकाची, बाटली उघडी टाकून पिपेटच्या टिप्स शोधत बसतो. प्रोटीनला सैल चिकटणारे छोटे रेणू, म्हणजे फ्रॅगमेंट, शोधताना होणारा निम्मा घोळ मला याच बाटलीत सापडला आहे.

डीएमएसओ हवेतलं पाणी ओढून घेतो. स्टॉक, म्हणजे त्यात विरघळवून ठेवलेलं रेणूंचं द्रावण, पातळ होतो, काही रेणू साका होऊन तळाशी बसतात. एसपीआरवर (चिपवर बसवलेल्या प्रोटीनला काय चिकटतं ते प्रकाशाने मोजणारी पद्धत) तर फारच महागात पडतं. साधा हिशेब करा: चिपवर ३० किलोडाल्टनचं प्रोटीन ३००० आरयू (एसपीआरच्या सिग्नलचं एकक) बसवलं आणि फ्रॅगमेंट २०० डाल्टनचं असलं, तर सगळ्या जागा भरल्या तरी सिग्नल मिळणार २० आरयू. आता नमुन्यात ५ टक्के डीएमएसओ घातला, पण त्यात दहावा भाग पाणीच होतं, तर खरा डीएमएसओ साडेचार टक्के. रनिंग बफरशी (चिपवरून सतत वाहणाऱ्या द्रावणाशी) एवढी तफावत पडली की अपवर्तनांकामुळेच शेकडो आरयूंची उडी दिसते. त्यात आपले २० कुठे शोधणार? म्हणून स्टॉकचे छोटे छोटे भाग करून घट्ट बंद ठेवा, बफर आणि नमुना एकाच बाटलीतून बनवा, आणि डीएमएसओचं कॅलिब्रेशन प्रत्येक रनला घ्या. एक खूण सांगतो. शुद्ध डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतो. डिसेंबरात पहाटे थंडी पडल्यावर शेल्फवरची एक बाटली गोठली आणि शेजारची पातळच राहिली, तर त्या दुसरीवर संशय घ्या.

दुसरी चूक सवयीची. घट्ट बसणाऱ्या रेणूंसाठी वापरतो तीच १० मायक्रोमोलर तीव्रता इथेही लावली जाते. केडी (ज्या तीव्रतेला निम्मं प्रोटीन भरतं ती) १ मिलिमोलर असेल तर तेवढ्यात जेमतेम १ टक्का प्रोटीन भरतं. ५०० मायक्रोमोलरला ३३ टक्के. ‘काहीच चिकटत नाही’ असा शेरा मारण्याआधी हा भागाकार करा. पोरांनी दोन-दोन महिने राबून अशी यादी फेकून दिलेली मी पाहिली आहे, फार वाईट वाटतं. २०११ साली मान्यता मिळालेल्या वेमुराफेनिब या कर्करोगावरच्या औषधाची सुरुवात ७-अझाइंडोल या अशाच सैल फ्रॅगमेंटपासून झाली होती.

तीव्रता वाढवली की नवी दुखणी येतात. आम्लधर्मी फ्रॅगमेंट बफरचा पीएच खाली ओढतं, तो मोजाच. रेणूंचे गोळे होऊन प्रोटीन त्यांनाच चिकटतं आणि खोटा हिट मिळतो, म्हणजे न चिकटणारा रेणू चिकटल्यासारखा दिसतो. ०.०१ टक्का ट्रायटन हा डिटर्जंट घातल्यावर सिग्नल गेला, तर तो बहुधा गोळ्यांचा होता. मात्र सायप्रो ऑरेंज हा रंग वापरून थर्मल शिफ्ट (प्रोटीन किती तापमानाला उलगडतं ते पाहणारी चाचणी) करताना डिटर्जंट जपून वापरा, रंग त्याच्यातच चमकतो आणि वक्र वाचता येत नाही.

एसटीडी-एनएमआरमध्ये (प्रोटीनला चिकटून सुटणाऱ्या रेणूंचा सिग्नल पाहणारी चाचणी) सिग्नलच्या उंचीवरून क्रमवारी लावू नका. फार घट्ट बसणारा रेणू लवकर सुटत नाही, त्यामुळे त्याचा सिग्नल उलट कमी येतो. माहीत असलेला लिगँड (त्या प्रोटीनला चिकटणारा रेणू) घालून बघा. फ्रॅगमेंटचा सिग्नल उतरला तर दोघांची जागा बहुधा एकच.

थर्मल शिफ्टमध्ये अर्ध्या अंशाचा फरक दिसला तर लगेच रचना पाहायला क्रिस्टलकडे धावू नका, आधी दुसऱ्या पद्धतीने तपासा. आणि वीज जाऊन आल्यावर फ्रीजमधलं प्रोटीन तसंच वापरू नका: ओळखीचा लिगँड सकाळी एकदा, रन संपल्यावर एकदा चालवा, दोन्ही आकडे जुळले तरच त्या दिवसाचा डेटा ठेवा.