टीव्हीसाठी सल्ला मागताय? या चुका टाळा

"पन्नास हजारांत कुठला टीव्ही चांगला?" दिवाळी जवळ आली की हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. मी उलट विचारतो: सोफा भिंतीपासून किती फुटांवर? खिडकी टीव्हीच्या समोर येते का? घरात जास्त काय चालतं, मालिका, क्रिकेट की रात्रीचे सिनेमे? हे न सांगता विचारलंत, तर समोरचा त्याच्या घरात शोभणारा टीव्ही तुमच्या गळ्यात मारणार.

मावशीचं तेच झालं. कुणाच्या तरी सांगण्यावरून ५५ इंची फोर-के आणला आणि दुसऱ्या दिवशी फोन, "अरे, जुना डबा बरा होता!" जाऊन मागे हात घातला, तर सेट टॉप बॉक्सला तीच जुनी लाल-पिवळी-पांढरी वायर. एचडीएमआय केबल लावली, बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्रासाठी १०८० ओळी निवडल्या, निम्मं दुखणं गेलं. उरलेलं चॅनलच्या पॅकचं होतं. एसडी, म्हणजे साध्या दर्जाच्या चॅनलचं चित्र ५७६ ओळींचं. ते फोर-केच्या २१६० ओळींच्या पडद्यावर ताणलं की पुसट दिसणारच. तुमच्या बॉक्सला एचडीएमआयचं भोकच नसेल, तर आधी बॉक्स बदला.

क्यूएलईडी आणि ओएलईडी एकच समजू नका. क्यूएलईडी म्हणजे मागून उजेड सोडणारा एलसीडीच. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरंच काळा दिसतो. पण दिवसभर उन्हानं भरलेल्या हॉलमध्ये फक्त मालिका बघायच्या असतील, तर ओएलईडीसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत असं माझं मत.

५५ इंच हे माप तिरकं असतं. रुंदी भरते साधारण १२२ सेंटिमीटर; फर्निचरचा कप्पा आधी मोजा. दुकानात रंग भडक करणारा विव्हिड मोड बंद करायला लावून मॅच बघा, डेमो व्हिडिओ नको.

ऑनलाइन पाच तारे बघून हुरळू नका. निम्मे लोक "पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत" यालाच तारे देतात. वर्षभर वापरून लिहिलेली तक्रार शोधा. किमतीचा सल्लाही ताजा हवा: ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.

आणि सर्व्हिसची चौकशी आपल्याच गावात करा. पुण्यात दुसऱ्या दिवशी येणारा मेकॅनिक चिपळूणला कधी येतो, ते चिपळूणकरालाच विचारा.