सांगलीत भाडेकरार ऑनलाइन नोंदवताना

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नोटरी पुरते, हा समज विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत घट्ट बसलेला आहे. तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

लीव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या नेहमीच्या भाडेकराराच्या नोंदणीसाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावं लागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-रजिस्ट्रेशन उघडा. संगणकाला वेबकॅम आणि बोटांचे ठसे घेणारं यंत्र जोडलेलं हवं. ते घरी नसेल तर अधिकृत सेवा पुरवठादाराकडे जा. मालक, भाडेकरू आणि साक्षीदार या सगळ्यांची आधार कार्डं हाताशी ठेवा.

सुरुवातीला जिल्हा निवडायचा तो मिळकत जिथे आहे तो. मालक पुण्यात राहत असला तरी फ्लॅट कुपवाडला असेल तर सांगलीच. मग मिळणारा नोंद क्रमांक आणि तुम्ही ठेवलेला पासवर्ड दोन्ही कागदावर लिहून ठेवा, कारण अर्धवट राहिलेलं काम त्यांच्याच जोरावर पुन्हा उघडतं.

पुढे मिळकत, पक्षकार आणि भाड्याच्या अटी भरायच्या. खरा वेळ इथेच द्या. पत्ता आठवणीतून टाइप करू नका. घरपट्टीची पावती आणि मिळकत पत्रिका समोर ठेवून सिटी सर्व्हे नंबर, मजला, फ्लॅट नंबर उतरवा. गावठाणाबाहेरच्या जुन्या बांधकामांना बऱ्याचदा गट नंबर असतो, तो सिटी सर्व्हेच्या रकान्यात घातला की घोळ होतो. नावं आधारवर आहेत तशीच लिहा.

मुद्रांक शुल्क किती ते आधीच काढून ठेवा. संपूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल १० टक्के व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. समजा भाडं १०,००० रुपये, मुदत २४ महिने, अनामत ६०,०००. भाड्याचे २,४०,००० आणि व्याजाचे १२,००० मिळून २,५२,०००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ६३० रुपये. संकेतस्थळ हा आकडा वरच्या पूर्ण रकमेला नेऊन थोडा जास्त दाखवू शकतं, तिथे दिसेल तेवढाच भरा. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. बुधगाव, हरिपूरकडच्या घरांसाठी हा फरक लक्षात ठेवा. दस्त हाताळणी शुल्क वेगळं. खात्यातून पैसे गेले आणि चलन, म्हणजे भरण्याची पावती, दिसत नसेल तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. आधी ग्रासच्या, म्हणजे सरकारी रकमा ऑनलाइन भरायच्या व्यवस्थेच्या संकेतस्थळावर बँकेच्या संदर्भावरून चलनाचा शोध घ्या.

अंगठा देण्याआधी मसुदा दोघांनी वाचायचाच, मोठ्याने वाचला तर उत्तम. भाडं आकड्यात आणि अक्षरात एकच आहे का, सुरुवातीची आणि शेवटची तारीख मुदतीशी जुळते का, नोटिशीचा काळ किती, दुरुस्ती आणि वीजबिल कोणाकडे, हे तपासा. नोंदणी झाल्यावर चूक सापडली तर चूकदुरुस्ती पत्र वेगळं नोंदवावं लागतं.

सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच जागी बसायची गरज नाही. मालक पुण्यातून आणि भाडेकरू मिरजेतून अंगठा देऊ शकतो. ठसा जुळत नसेल तर हात साबणाने धुऊन कोरडे करा, यंत्राची काच पुसा, दुसरं बोट लावून पाहा. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्यांच्या आणि वयस्करांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यांना वेळ द्या. बोटं ठीक असूनही नकार येत असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक आहे का पाहा. ते उघडलं की बहुतेक वेळा काम होतं.

सादर केलेला दस्त दुय्यम निबंधक तपासतात. त्रुटी असल्यास शेरा मारून परत पाठवतात, म्हणून नोंद होईपर्यंत स्थिती अधूनमधून पाहत राहा. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर व्हायला हवा. नोंद झाली की दस्त आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, उतरवून घ्या आणि मूळ पीडीएफ जपा, कारण डिजिटल सही फाइलमध्ये तपासता येते, छापील प्रतीवर नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देणं हे काम वेगळं, तेही मालकानेच करायचं.