नागरिकशास्त्र शिकवायचंय? वर्गात ग्रामसभा भरवा

नववीतल्या पोराला पंचायतींना घटनेत जागा देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती विचारली की तो ‘१९९२’ म्हणून मोकळा होतो. ‘तुझ्या गावची मागची ग्रामसभा कधी झाली रे?’ म्हटलं की खिडकीबाहेर बघतो. राज्यशास्त्राचे तास तसेही इतिहास खाऊन टाकतो. उरलेल्यांत धडा वाचायचा, स्वाध्याय सोडवायचा, झालं. मी त्यातलेच चार-पाच तास काढून वर्गात ग्रामसभा भरवते. कशी, ते सांगते.

विषय रस्त्यावरचा घ्या

‘भ्रष्टाचार’, ‘प्रदूषण’ असले विषय नकोत, मुलं निबंधच म्हणून दाखवतात. रोजच्या वाटेवरची अडचण घ्या. आमच्याकडे एका वर्षी फाटकासमोरची तुंबलेली गटार होती, पावसाळ्यात सायकल उचलून न्यावी लागायची. असे तीन विषय पुरेत. तिजोरीत खोटे पाच लाख ठेवा आणि तिन्ही कामांचा खर्च मिळून आठ लाख होईल असं बघा. पैसे पुरले की भांडण होत नाही, आणि भांडण झालं नाही की तास फुकट.

चिठ्ठ्या टाका

सरपंच, उपसरपंच आणि ग्रामसेवक चिठ्ठीने ठरवा. (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात ग्रामसेवकच म्हणतात.) बाकी सगळे गावकरी. पहिल्या वर्षी मी वर्गाच्या मॉनिटरला सरपंच केलं होतं. पठ्ठ्याने ‘मंजूर, मंजूर, मंजूर’ करत सात मिनिटांत सभा गुंडाळली.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, म्हणून दोन तुकड्या असतील तर एकीत सरपंचपदाला फक्त मुलींच्या चिठ्ठ्या टाका. तिला विचारलेल्या प्रश्नाला मागून एखादा मुलगा उत्तर देऊ लागला, तर तिथेच थांबवा. ‘सरपंचपती’ हा शब्द मुलांना आपण शिकवावा लागत नाही.

गणपूर्ती मोजा

ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ४६ जणांच्या वर्गात सात. किती मतदारांच्या गावापासून १०० पुरतात, हे मुलांनाच काढू द्या. ६६७ आलं की गणिताचे सरही खूश होतात.

मग मुद्दाम पाच जण ठेवून बाकीच्यांना व्हरांड्यात पाठवा. सभा तहकूब. आता पुढचा नियम सांगा: तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. माझ्या वर्गात खिडकीतून डोकावणारा एक जण ओरडला, “म्हणजे बाई, हे पाच जण आमच्यासाठी ठराव करणार?” हो, करणार. एवढं म्हणून मी गप्प बसले. पुढची दहा मिनिटं मला बोलावंच लागलं नाही.

गुण इतिवृत्ताला द्या

भाषणाला गुण दिले की वक्तृत्व स्पर्धा होते. त्याऐवजी प्रत्येकाला इतिवृत्त लिहायला लावा: विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक, ठराव, बाजूची आणि विरोधातली मतं. मग दोन वह्या शेजारी ठेवा. एकीत असतं, ‘गटारीबाबत चर्चा झाली.’ दुसरीत, ‘गटार दुरुस्ती १५ ऑगस्टपूर्वी करावी, खर्च दोन लाख, बाजूने २९, विरोधात १४.’ सहा महिन्यांनी जाब विचारायला जायचं झालं तर कुठली वही न्यायची, एवढंच विचारा.

खऱ्या सभेत मागे बसा

गावात वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. बहुतेक ठिकाणी त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. सरपंचांना आधी विचारून मुलांना मागे बसवा. मत अठराव्या वर्षीच, पण ऐकायला हरकत नसते. शहरातल्या शाळांनी सोसायटीची वार्षिक सभा निवडावी. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिथे भांडणं कमी नसतात.

मग जगाकडे

संयुक्त राष्ट्रांच्या धड्याला हीच बैठक सुरक्षा परिषदेची करता येते: १५ खुर्च्या, त्यातल्या पाच कायमच्या, ठरावाला नऊ मतं हवीत आणि पाचांपैकी एकाने नकाराधिकार वापरला की संपलं. पण मला स्वतःला कांदा जास्त आवडतो. आमच्याकडे अर्ध्या वर्गाच्या घरी कांद्याची चाळ आहे.

८ डिसेंबर २०२३ला केंद्राने कांदा निर्यात बंद केली, ४ मे २०२४ला उघडली, तीही टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क लावून. वर्गाचे पाच गट करा: निफाडचा शेतकरी, लासलगावचा व्यापारी, दिल्लीची गृहिणी, ढाक्याची गृहिणी आणि केंद्र सरकार. पहिली दहा मिनिटं प्रत्येक गटाला फक्त स्वतःची बाजू लिहू द्या. ढाक्याचा गट अडला तर २०१९ सांगा: भारताने निर्यात थांबवली, आणि थोड्याच दिवसांत दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना हसत म्हणाल्या होत्या की, मी स्वयंपाक्याला कांदा टाकू नको म्हणून सांगितलंय.

या तासाला पक्षांची नावं निघतातच. निघू द्या. आपलं मत मात्र सांगू नका. मुलं बाईंच्या मताला अनुमोदन देऊन मोकळी होतात.

गेल्या खेपेला पाचही गटांचं बोलून झाल्यावर ठरावाची वेळ आली. ग्रामसेवक झालेल्या मुलीने वहीत ‘विषय क्रमांक ४’ लिहिलं, पेन थांबवलं आणि विचारलं, “बाई, ढाक्याच्या बाईला गणपूर्तीत धरायचं का?”